दाजींना लागू न पडलेलं इंजेक्शन

आमच्या राहू गावात एखाद्याला नाव पडलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं पक्कं होतं. माझ्या दाजींना गावानं बारा वर्षं ‘चोरून पिणारा माळकरी’ म्हणून वागवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुशाअक्काचे नवरे मच्छिंद्र. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचासुद्धा विटाळ, आणि खोकल्याचं औषध घ्यायचं झालं तरी बाटलीवरचं आधी दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस. त्यांच्यावर हे किटाळ कुणी आणलं ते गाव विसरलं असेल. मी विसरलेलो नाही, कारण ते आणणारा मीच.

दाजी गुळव्या. आमच्या भागात गुऱ्हाळं पायलीला पन्नास, पण गुळव्या म्हणावा असा माणूस विरळा. उसाचा रस काहिलीत, म्हणजे चुलवणावरच्या भल्यामोठ्या कढईत, पडला की त्यात चुना किती टाकायचा, मळी काढायला भेंडीचं पाणी कधी ओतायचं, उकळता पाक कधी उतरवायचा, हे सगळं तो ठरवतो. थोडा आधी उतरवला तर ढेप बसत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. ऊस आला की दाजींचा पहिला प्रश्न असायचा, "कुठल्या रानाचा? नदीकडचा का माळाचा?" एकदा गुऱ्हाळाच्या मालकानं कंटाळून चुन्यासाठी मापाचा डबाच आणून दिला आणि म्हणाला, दर काहिलीला एक डबा टाका, रोजची भानगड नको. दाजींनी तो डबा पाणी प्यायला ठेवून घेतला. "मालक, रसारसात फरक हाय. एकाच मापानं सगळ्यांचा गूळ शिजवायचा आसंल तर गुळव्या कशाला ठिवलाय?" म्हणाले.

पाकाचे शिंतोडे उडून त्यांच्या दोन्ही हातांवर डाग पडले होते, पण उडताना हा माणूस ‘स्स’सुद्धा करत नसे. म्हणूनच बारा वर्षांपूर्वी दौंडला त्यांचं हार्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते ओरडायला लागले, तेव्हा आम्हाला ते खरंच वाटेना.

कमरेतली भूल उतरली आणि दाजींनी वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टरनी दुखायचं इंजेक्शन दिलं. काही तासांनी डॉक्टरांना विचारून दुसरं दिलं. दुखणं हलेना, वर उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या खाटेवर त्याच ऑपरेशनचा एक म्हातारा तेच इंजेक्शन घेऊन घोरत पडला होता. वॉर्डबॉय आला, दोघांकडे बघितलं आणि चारचौघांत म्हणाला, "पितात का हे? पिणाऱ्याला इंजेक्शन चढत न्हाई." अक्काचं तोंड पांढरं पडलं. दाजी खाटेचा गज धरून पडले होते.

मला हसू आलं. मेहुण्याला दाजींची फजिती म्हणजे सणच. दुसऱ्या दिवशी गावात, चहाच्या टपरीवर, मी ती गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. "आमचे दाजी! गळ्यात माळ आन् पोटात बाटली!" सगळी टपरी हसली. मी चहाचे पैसे न देताच उठलो, इतका मी त्या दिवशी हिरो होतो.

गंमत तिथंच संपायला हवी होती. पण टपरीवरची गोष्ट देवळात पोचायला आमच्याकडे दोन दिवस पुरतात.

माघात आमच्या गावात सप्ताह असतो. सात दिवस अखंड नामस्मरण, आणि त्या सात दिवसांत वीणा एक क्षणही खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते, आणि ज्याच्या गळ्यात असेल त्यानं आपला दोन तासांचा पहारा उभं राहूनच करायचा. विणेकरी निर्व्यसनी पाहिजे, हा नियम. दाजींचा पहाटेचा पहारा लग्नाआधीपासूनचा. त्या वर्षी सप्ताहाचे कारभारी कोंडिबाआबा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मच्छिंद्रा, औंदा तू मागं उभा ऱ्हा. लोक बोलत्यात." दाजींनी का, कोण, काहीच विचारलं नाही. ते मागच्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले आणि पुढची बारा वर्षं तिथंच उभे राहिले.

मी उठून सांगू शकलो असतो की बाबांनो, मी थट्टा केली. आज सांगतो, उद्या सांगतो, करत राहिलो. आपली बडबड खोटी होती हे कबूल करण्यापेक्षा दुसऱ्याची बदनामी चालू देणं सोपं असतं, आणि मी सोपं तेच केलं.

सगळ्यात वाईट म्हणजे अक्कालाही शंका आली. ती बोलली नाही. पण दाजी गुऱ्हाळावरून घरी आले की पाण्याचा तांब्या देताना ती जरा जास्तच पुढं वाकायची. तोंडाचा वास घ्यायची. दाजींना ते कळायचं. ते तांब्या घ्यायचे, पाणी प्यायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खुबा दुखायला लागला. आधी लंगडणं, मग काठी, मग काहिलीसमोर अर्धा तासही उभं राहवेना. मालकानं खुर्ची दिली, पण पाक बसून कळत नाही. त्याच्या बुडबुड्यांवर वरून नजर लागते. शेवटी मालकानं दुसरा गुळव्या आणला. सप्ताहातही मागचा खांब धरूनच दाजी कसेबसे उभे राहू लागले. सगळे म्हणाले, सांधा बदलून घ्या, आजकाल माणसं दुसऱ्या दिवशी चालतात. दाजींचं एकच, "मेलो तरी चालंल, पर ऑपरेशन न्हाई. पुन्यांदा वरडलो तर पुन्यांदा पिणारा ठरंन."

ते ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला आहे, खोली शिक्रापुरात. स्टोअरमध्ये एक खिळा कमी भरला तर मी तीन माणसांना जाब विचारतो. इथं एका माणसाची अब्रू कमी भरत होती आणि ती माझ्या खिशात होती. मी रजा टाकली, राहूला गेलो आणि दाजींना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. शिरूरला एका हॉस्पिटलात आमच्या कंपनीतल्या एकाचा खुबा बदलला होता, तिथं नेलं.

तिथंही आम्ही घोळ घातलाच. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन झालंय?" अक्का पटकन म्हणाली, "न्हाई, कायबी न्हाई." नवऱ्याची लाज झाकायला ती खोटं बोलली. मी तिच्याकडे बघितलं, पण ते खोडून काढलं नाही. मग डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, "दारू वगैरे घेता का? पिणाऱ्यांचा खुबा असा खराब होतो."

दाजी उठले. काठी घेतली आणि दाराबाहेर निघून गेले.

मी मागं धावलो तर ते जिन्याजवळच्या बाकड्यावर बसले होते आणि त्यांच्यासमोर एक सिस्टर उभी होती. करुणा तिचं नाव, शिरूरचीच. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशननंतरच्या पेशंटांच्या वॉर्डात सहा वर्षं काढून गावी परत आलेली. ती म्हणत होती, "मामा, राग आला तर येऊ द्या. पण कशाचा आलाय तेवढं सांगून जा."

बारा वर्षांत दाजींना कुणी असं विचारलं नव्हतं. मीही नाही. त्यांनी सगळं सांगितलं. हार्निया, दोन इंजेक्शनं, शेजारचा घोरणारा म्हातारा, वॉर्डबॉय, वीणा. शेवटी म्हणाले, "ताई, मी आयुष्यात थेंब घेतला न्हाई. माळंवर हात ठिवून सांगतो."

"माळेवर हात कशाला ठेवता? मी कुठं तुम्हाला खोटं म्हटलं?" करुणा म्हणाली. "माझ्या वॉर्डात कुणी ओरडलं की मी आधी औषधाचा कागद बघते. तुमचा त्या वेळचा कागद आहे का?"

कागद होता. मेडिकलच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आमच्याकडे घरातले सगळे कागद खिळ्याला टांगतात, अगदी म्हशीच्या विम्यासकट. दोन दिवसांनी मी ती पिशवी करुणासमोर आणून ठेवली. तिनं हार्नियाचं डिस्चार्ज कार्ड शोधलं, बोटानं एक ओळ दाखवली आणि म्हणाली, "दोन्ही वेळा ट्रॅमाडॉलच. त्यांनी सगळ्यांना देतात तेच दिलं, त्यांचीही चूक नाही. पण मामांना ते लागू पडलं नसेल, असं एक कारण असू शकतं. तुमच्यात लग्नं नात्यात होतात का?"

"व्हय की," मी म्हणालो. "मामाच्या पोरीवर आमच्यात पहिला हक्क. दाजींची आई म्हंजी त्यांच्या वडलांची मामेबहीण. आन् माझी अक्का दाजींची मामेबहीण."

करुणानं मान डोलावली आणि भूल देणाऱ्या मॅडमना बोलावलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. दाजींचं थोडं रक्त पुण्याला तपासायला गेलं आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. तो वाचून दाखवायला करुणानं आम्हा तिघांना समोर बसवलं.

"मामा, हे औषध जसं आहे तसं फारसं काम करत नाही," ती म्हणाली. "पोटात किंवा शिरेत गेलं की आपलं लिव्हर त्याचं दुसरं रूप तयार करतं, आणि दुखणं थांबवतं ते मुख्यतः ते दुसरं रूप. ते तयार करायची सूचना आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी मिळते. एक जरी चांगली असली तरी बहुतेक भागतं. तुमच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत, जन्मापासून. तुमचे आईवडील एकाच घराण्यातले, त्यामुळं तीच बिघडलेली सूचना दोन्हीकडून आली असणार."

अक्काला काही कळलं नाही, मला निम्मं कळलं. दाजी मात्र ताठ झाले. "म्हंजी रस काहिलीत पडला," ते हळूच म्हणाले, "पर खाली जाळच न्हाई. मग गूळ कुठनं व्हणार?"

करुणा हसली. "मामा, मला हे शिकायला चार वर्षं लागली."

"आन् दुसरी काहील वतली तरी रसच वाढणार," दाजी म्हणाले. "त्यानं वकाऱ्या झाल्या." मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी बारा वर्षं थांबले होते. "ह्यात दारूचा काय संबंध?"

"काडीचा नाही. तुम्ही आयुष्यभर प्यायला असतात तरी हा कागद असाच आला असता, आणि थेंब घेतला नाहीत तरी असाच."

अक्का पदर तोंडाला लावून उठली आणि बाहेर गेली.

करुणानं पुढं आणखीही सांगितलं. काही माणसांचा जाळ उलट इतका मोठा असतो की नेहमीचं मापही त्यांना जास्त होतं, गुंगी येते, श्वास मंदावतो. म्हणून हे जवळच्या नातेवाइकांनीही तपासून घेतलेलं बरं. प्रत्येक दुखण्यामागं हेच कारण असतं असंही नाही. दाजी माझे सख्खे आतेभाऊही, म्हणून मी फुशारकीत दंड पुढं केला. माझ्या रिपोर्टमध्ये दोनांतली एक सूचना बिघडलेली निघाली. ज्या गोष्टीवर मी बारा वर्षांपूर्वी टपरी हसवली होती, तिच्यातला अर्धा वाटा माझ्याच अंगात होता.

ऑपरेशन सप्टेंबरात झालं. भूलतज्ज्ञ मॅडमनी दाजींसाठी वेगळंच पान लिहिलं होतं. ट्रॅमाडॉल नाही, त्याच्या भाऊबंदातलं कोडीनही नाही. पाय बधिर राहावा म्हणून मज्जातंतूजवळ बारीक नळी, ठरावीक वेळानं साधी दुखण्याची औषधं, आणि लागलंच तर मॉर्फिनचा मोजका डोस, कारण त्याला असल्या शिजवण्याची गरज नसते. ते पान खाटेच्या पायथ्याला लाल पेनानं चौकट करून लावलेलं होतं.

संध्याकाळी भूल उतरायची वेळ झाली. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभा होतो. दौंडची ती ओरड माझ्या कानात होती. अर्धा तास गेला, एक तास गेला. आतून काहीच आवाज येईना, तेव्हा मला दुसरीच भीती वाटली आणि मी दार लोटलं. दाजी डोळे उघडे ठेवून छताचा पंखा बघत होते.

"शून्य ते दहा, किती दुखतंय मामा?" करुणा विचारत होती.

"आमचा हिशेब रुपयात आसतो ताई. हार्नियाच्या टायमाला रुपया व्हता. आज चार आणे हाय. त्यातला एक आणा ह्या मेहुण्याचं तोंड बघून झालाय."

मी हसलो आणि रडलोही, दोन्ही एकदम. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आले, दाजींच्या हातात वॉकर दिला आणि ते उठून उभे राहिले. काठीशिवाय, खांबाशिवाय. खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "आणखी येक फेरी मारू का?"

दुपारी अक्का त्यांना पाणी द्यायला वाकली, तशीच, जरा जास्तच पुढं. बारा वर्षांची सवय. मग तिच्याच ते ध्यानात आलं. "बारा वर्षं हुंगलं तुमाला," ती म्हणाली. "देव मला माफ करणार न्हाई."

दाजींनी तांब्या घेतला. "देवाचं देव बघंल. तू हुंगायचीस तवा निदान जवळ तरी यायचीस," म्हणाले. अक्का रडता रडता त्यांच्या दंडावर चापट मारून बसली.

माझं मात्र राहिलं होतं. गावी आलो तेव्हा मी त्याच टपरीवर गेलो. टपरी आता टपरीवाल्याच्या पोराकडं आली होती, पण बसणारे बरेचसे तेच होते. मी उभं राहून सांगितलं की बारा वर्षांपूर्वी मी इथं खोटं बोललो. रिपोर्ट वाचून दाखवला. इंग्रजी कुणाला कळलं नाही, म्हणून रस, काहील आणि जाळ यांची गोष्ट दाजींच्याच शब्दांत सांगितली. ती मात्र सगळ्यांना कळली, कारण टपरीवर गुऱ्हाळ न बघितलेला माणूस नव्हता. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "इंद्रजीत, तुझ्यासारखा मेहुणा आसल्यावर शत्रू कशाला पायजे?" मी म्हणालो, बरोबर आहे, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे मी दिले.

डिसेंबरात दाजी काहिलीवर परत उभे राहिले. पहिल्या दिवशी माळाच्या उसाचा रस आला. त्यांनी बोटानं चव घेतली, चुना टाकला आणि पाक उतरवला तो असा सोनेरी की मालक स्वतः ढेप फोडून गावभर वाटत सुटला.

आणि मग माघातला सप्ताह. पहाटे मी देवळात गेलो तर दाजी नेहमीसारखे मागच्या खांबाशेजारी उभे होते, पण खांबाला हात न लावता. वीणा कोंडिबाआबांच्या गळ्यात होती. आबा आता ऐंशीच्या पुढचे, कारभार सोडलेला, पण त्या दिवशी पहारा मुद्दाम मागून घेतलेला. पहारा संपत आला तसे ते नाम घेत घेत रांगेतून मागं चालत आले आणि दाजींसमोर थांबले. टाळ वाजत राहिले, पण सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

आबांनी वीणा उतरवून दाजींच्या गळ्यात घातली. आमच्याकडे वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, तिथं वय बघत नाहीत. दाजी गडबडले. नव्या खुब्याला डॉक्टरांनी खाली वाकायची मनाई केलेली.

"आबा, मला वाकता येत न्हाई वो," ते म्हणाले.

"नगंच वाकू," आबा म्हणाले. "औंदा तुज्या वाटचंबी मीच वाकतो."

आणि ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा दाजींच्या पायांवर डोकं ठेवून वाकला, कष्टानं उठला आणि दुसऱ्यांदा वाकला. बायकांच्या बाजूला अक्का उभी होती, ती हुंदका आवरू शकली नाही. दाजींनी वीणेची तार छेडली आणि दोन तास ते सरळ उभे राहिले.